कढईतलं पाणी

चिकन धुऊन चाळणीत निथळत ठेवलं की मी खुर्ची ओढून बसते. पूर्वी अशी बसत नसे. आता गुडघे ऐकत नाहीत, आणि या पदार्थाची अटच अशी आहे की एकदा गॅस पेटवला की बसायला सवड मिळत नाही, म्हणून काय बसायचं ते आधीच बसून घ्यावं लागतं. बसल्या बसल्या मी भाज्या चिरते. सिमला मिरची, गाजर, बीन्स, थोडी पत्ताकोबी, कांद्याची पात. बाहेरच्या खोलीत बाबांचा टीव्ही मोठ्यानं चालू असतो, कारण कानातलं यंत्र लावायचा त्यांना कंटाळा. घरात आता आम्ही दोघंच, वय झालेली मुलगी आणि तिचे त्याहून वय झालेले वडील. दोघांच्या जेवणाला असं कितीसं लागतं? तरी रविवार आला की माझा हात सवयीनं खालच्या कपाटातल्या मोठ्या पातेल्याकडे जातो, आणि मग मी तो मागे घेऊन कढई काढते.

मी वाढले ती फरीदाबादच्या एका सरकारी क्वार्टरमध्ये. दोन खोल्या, मध्ये बोळवजा जागा, तिथे चार खुर्च्यांचं जेवणाचं टेबल. टेबलाशी बसलं की थेट स्वयंपाकघरातला ओटा दिसे. बाबा दिल्लीत एका मंत्रालयात सहायक होते. सकाळच्या शटल रेल्वेगाडीनं जात आणि संध्याकाळच्या शटलनं परत येत. आई फरीदाबादमध्येच एका केंद्र सरकारी कार्यालयात टायपिस्ट. एवढं वाचून कुणाला वाटेल, तीन माणसांचं सुटसुटीत घर असणार. तसं ते कधीच नव्हतं. बाबांच्या यवतमाळ जिल्ह्यातून जो कुणी दिल्लीला निघे, त्याच्या खिशात आमचा पत्ता असे. मुलाखतीला आलेली पोरं, बदलीचं काम घेऊन आलेले मास्तर, मोठ्या सरकारी दवाखान्यात दाखवायला आणलेली म्हातारी माणसं. दिल्लीत आपल्या राज्याचं अतिथिगृह आहे, पण तिथे खोली मिळायची तर कुणाची तरी शिफारस लागते. आमच्याकडे दारात उभं राहून ‘जयभीम’ म्हटलं की भागत असे. ही माणसं बाहेरच्या खोलीत सतरंज्या अंथरून झोपत, सकाळी नळाला पाणी असेपर्यंत आंघोळी उरकत, आणि मी खांद्यावर टॉवेल टाकून बाथरूमच्या दाराशी धुसफुसत उभी असे.

रविवारी आमच्याकडे कोंबडीचा रस्सा होई. रश्शाचा मोठा गुण असा की तो वाढवता येतो. आई सकाळपासून मसाल्याला लागे. सुकं खोबरं भाजायचं, कांदे थेट गॅसच्या जाळावर काळे करायचे, खसखस, धणे, आणि गावाहून कुणीतरी आणलेला काळा मसाला. मिक्सर किंचाळायला लागला की शेजारच्या पंजाबी घरातून खिडकी लावल्याचा आवाज येई. तो वास पडद्यांत बसे, माझ्या वेणीत बसे, सोमवारी वर्गात मुली माझ्याकडे वळून बघत. रस्सा उकळायला लागला की हमखास बेल वाजे. बाबा बाहेरूनच म्हणत, “अगं, दोन माणसं वाढली.” आई मागे वळून न बघता दोन तांबे पाणी ओते, मीठ टाके, दोन बटाटे चिरून सोडी. दुपारपर्यंत पुन्हा बेल वाजली तर पुन्हा पाणी, पुन्हा बटाटे. माणसं भुरके मारत जेवत आणि आईच्या हाताला काय चव आहे म्हणून तोंड भरून सांगत. आई सगळ्यात शेवटी बसे. तेव्हा पातेल्याच्या तळाशी बटाटा आणि मानेचं हाड उरलेलं असे. मला कितीतरी वर्षं वाटत होतं की तिला मानच आवडते.

बाबांना मी दोष देत नाही, निदान रोज देत नाही. ते स्वतः दिल्लीत आले तेव्हा एका ओळखीच्या ओळखीच्या माणसानं त्यांना आपल्या व्हरांड्यात जागा दिली होती. नोकरी लागेपर्यंत ते तिथे राहिले. त्या घरची डाळ किती पातळ असे आणि तरी त्या बाईनं एकदाही कपाळाला आठी घातली नाही, हे बाबा जेवताना पाहुण्यांना सांगत. सांगताना त्यांचा आवाज जड होई. ती बाई काय विचार करत असेल, असं मी एकदा विचारलं तर ते म्हणाले, “कोण ती? ती साक्षात आई होती.” आपल्या माणसांना दार बंद करायचं म्हणजे स्वतःच्या पायाखालची पायरी काढून घेणं, असं त्यांना मनापासून वाटे. खोटं नव्हतं ते. आमच्या सतरंजीवर झोपून गेलेली पोरं पुढे मोठ्या हुद्द्यांवर चढली, आणि बाबा त्यांची नावं अजूनही छाती फुगवून घेतात. मात्र रोज पहाटे उठून त्या पायरीवर झाडू मारणारी माणसं वेगळी होती.

आई थकली होती. हे मला आता दिसतं, कारण आता तोच थकवा माझ्या पिंढऱ्यांत आहे. तेव्हा मला ती नुसती गप्प वाटे. ऑफिसातून आली की चपला काढायच्या आधी भिंतीला टेकून डोळे मिटून उभी राही, आणि मग पदर खोचून आत जाई. मी बारावीला असताना तिला टायफॉईड झाला. त्या दिवसांत नेमके पाहुणे कमी होते, आणि जे आले त्यांना बाबांनी ढाब्यावर नेलं. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या शिलाँगच्या आंटी वर आल्या. त्या टेलिफोन खात्यात नोकरीला होत्या, एकट्या राहत, आणि सगळी कॉलनी त्यांना नुसतं आंटी म्हणे. डॉक्टरनं तेल-मसाला बंद केलाय, हे त्यांना जिन्यात कळलं होतं. ताप उतरून आई हलकं खायला लागली तशी त्यांनी एका झाकलेल्या प्लेटमध्ये चिकनच्या बारीक पट्ट्या आणि भाज्या आणल्या, नुसत्या मोठ्या आचेवर परतलेल्या. आईनं पहिला घास घेतला, चावला, आणि चावता चावता थांबली. मला वाटलं, तिला मळमळतंय. ती म्हणाली, “शीला, यात सगळं वेगवेगळं लागतंय गं. गाजर गाजरासारखं लागतंय.” तिनं प्लेट रिकामी केली आणि शेवटचं बोटानं पुसून घेतलं. आईला असं खाताना मी पहिल्यांदा पाहत होते.

मी आंटींकडे जाऊन शिकले. आंटींची हिंदी तुटक होती, पण हुकूम स्पष्ट असत. चिकनच्या पट्ट्या करंगळीपेक्षा बारीक, त्यांना थोडा सोया सॉस, मिरपूड आणि चिमूटभर कॉर्नफ्लोर चोळून ठेवायचं. भाज्या सगळ्या आधी चिरून वेगवेगळ्या वाट्यांत. कढई धूर निघेपर्यंत तापवायची, तेल, लसूण, मग चिकन, ते पांढरं होऊन कडा लाल झाल्या की बाजूला काढायचं. मग आधी गाजर आणि बीन्स, मग सिमला मिरची, मग पत्ताकोबी, पुन्हा चिकन, शेवटी पात. हात थांबवायचा नाही. झाकण ठेवायचं नाही. “और पानी नहीं,” आंटी बोट उभं करून म्हणाल्या. “पानी डाला, तो खतम। सब उबल जाएगा।” आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. “जिसको खाना है, उसको पहले बिठाओ। फिर गैस जलाओ। खानेवाला रुकेगा, खाना नहीं रुकेगा।” मी ते ऐकून हसले. आमच्या घरी खाणारे आणि खाणं दोघंही थांबत, आणि सगळ्यांच्या नंतर आई.

आई बरी झाली, ऑफिसला जायला लागली, पाहुणे परत सुरू झाले, पातेलं परत चढलं. मग एका शनिवारी संध्याकाळी, मटार सोलता सोलता, ती एकदम म्हणाली, “उद्या रस्सा नको. ते तू शिकलीस ना आंटीकडून, ते कर. मला खावंसं वाटतंय.” बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, “बिल्कुल. करा की.” ही केवढी गोष्ट घडली ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं असावं, कारण बाबांनी पेपर बराच वेळ परत वर उचलला नाही. मला खावंसं वाटतंय, हे शब्द आईच्या तोंडून त्या घरात कधी निघालेच नव्हते. काय करू, हे ती विचारी. काय हवं, हे आम्ही सांगत असू.

रविवारी मी सकाळीच सगळं चिरून ठेवलं. ओट्यावर वाट्या मांडल्या, हिरव्या, केशरी, पांढऱ्या. आमच्या स्वयंपाकघरात एवढे रंग एकत्र कधी दिसत नसत, तिथे सगळं शेवटी काळपट तांबडं होई. बाबा केस कापायला बाजारात गेले होते. ते आले की सुरू करू, असं मी म्हटलं. पण आंटींचं वाक्य मला पाठ होतं, म्हणून मी आईला आधी टेबलाशी बसवलं. समोर ताट ठेवलं, काटाचमचासुद्धा ठेवला. ती ओशाळली होती. दोन वेळा उठायला लागली, “भात मी लावते ना,” म्हणाली. भात झालेला होता. मग तिनं हात ताटाच्या दोन बाजूंना ठेवले आणि ती तशीच बसून राहिली. न्हाऊन आली होती, केस ओले होते, आणि दुपारी बाराला तिचे हात रिकामे होते. बाबांना उशीर होतोय हे बघून मी म्हटलं, तुझं आधी करते. गॅस पेटवला. चिकन परतून बाजूला झालं, भाज्या पडल्या, कढईतून तो चरचरणारा आवाज यायला लागला आणि आई मान उंचावून ओट्याकडे बघायला लागली.

तेवढ्यात दार उघडलं. बाबा आले आणि त्यांच्या मागून मेश्राम मास्तर आणि त्यांची बायको. मास्तर बाबांच्या गावचे. बायकोच्या एका डोळ्याला पट्टी होती. तिचा डोळा दिल्लीत दाखवायचा होता. बसस्टँडवर उतरून पत्ता विचारत येत होते, ते बाबांना सलूनच्या दारात भेटले. बाबा खुशीत होते. बाहेरच्या खोलीतून त्यांचा नेहमीचा आवाज आला, “अगं, दोन माणसं वाढली.” मास्तर म्हणत होते, “आमचं काय हो वहिनी, जे असन ते वाढा.” आई खुर्चीवरून उठली नाही. कढई मोठ्या आचेवर होती, मला हात थांबवता येत नव्हता. बाबांना उत्तर आलं नाही, म्हणून ते स्वतः स्वयंपाकघरात आले. त्यांना स्वयंपाकघराची सवय नव्हती. कढईतून धूर निघतोय, तळ कोरडा दिसतोय, पोरगी नुसती झारा फिरवतेय, एवढंच त्यांनी पाहिलं. “अगं, लागेल ते,” असं म्हणून त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि अख्खा कढईत ओतला. वर आणखी अर्धा. मोठा चर्र आवाज झाला, वाफ माझ्या तोंडावर आली आणि मग सगळं शांत झालं. गाजराचे आणि सिमला मिरचीचे तुकडे तपकिरी पाण्यावर तरंगायला लागले. बाबांनी कढईत डोकावून समाधानानं पाहिलं. “आता पुरेल सगळ्यांना,” ते म्हणाले.

मी टेबलाकडे पाहिलं. आईनं सगळं पाहिलं होतं. आता ती उठेल, असं मला वाटलं. ती उठेल, काळा मसाला घालेल, बटाटे टाकेल, आणि अर्ध्या तासात त्याचा रस्सा करून टाकेल. तिला ते सहज जमलं असतं. ती उठली. पण तिनं समोरचं रिकामं ताट उचललं आणि ती बाहेरच्या खोलीत गेली. दिवाणावर मास्तरांची बायको बसली होती, तिच्या शेजारी जाऊन बसली आणि ताट मांडीवर ठेवलं. म्हणाली, “वाढा.”

बाबा हसले. त्यांना चेष्टा वाटली. “अगं, त्यांना आधी पाणी तरी दे.”

“तुम्ही द्या,” आई म्हणाली. “मी पण आज पाहुणी आहे. मलाही जे असेल ते वाढा. पण मी आज उठणार नाही.”

आवाज अगदी साधा होता. चढलेला नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली. मला वाटलं, ही आता या दिवाणावरून कधीच उठायची नाही. बाबा माझ्याकडे बघायला लागले, मी खाली बघायला लागले. मास्तर चुळबुळले आणि उभे राहिले, “साहेब, आम्ही बाहेर खाऊन घेतो ना. मावशी थकल्या असतील.” वहिनीवरून ते घाबरून मावशीवर आले होते. बाबा म्हणाले, “मास्तर, बसा.” आणि मास्तरांच्या बायकोनं, डोळ्यावरच्या पट्टीसकट, आईकडे वळून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. ती हसत होती. “बसू द्या न त्यांना,” ती नवऱ्याला म्हणाली. “तुमीबी बसा.” मग तिनं आईच्या ताटाला हात लावून ते आपल्या बाजूला जरा ओढून घेतलं, म्हणजे दोघींच्या मांड्यांवर नीट बसावं. दोघी बायका तिथे बसून राहिल्या.

बाबा चपला घालून बाहेर पडले आणि कोंबडी आणि भाजी घेऊन आले. स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, “काय काय कापायचं, सांग.” मी सांगितलं. त्यांनी गाजरं चिरली ती अंगठ्याएवढी जाड. मास्तर आत आले आणि बीन्स निवडायला बसले. त्यांना ते बरं जमत होतं. कढई घासून पुन्हा तापवली. बाबांच्या नव्यानं कापलेल्या केसांतून घाम कपाळावर आला होता. तेल पडल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “पाणी?”

“नाही, बाबा. मुळीच नाही.”

“मग एवढ्या माणसांना हे पुरणार कसं?”

ते खरंच विचारत होते. त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात खरा प्रश्न होता. “जेवढं आहे तेवढं,” मी म्हटलं. ते झारा फिरवत राहिले.

पहिलं वाढप त्यांनी आईच्या ताटात केलं. गाजरं कच्ची होती, लसूण जळला होता. आईनं शांतपणे सगळं खाल्लं. चांगलं झालंय, असं म्हणाली नाही. मधेच म्हणाली, “मीठ कमी आहे,” आणि बाबा मीठ आणायला आत गेले. मास्तरांच्या बायकोनंही दुसऱ्यांदा मागून घेतलं. आमच्या वाट्याला कढईतलं थोडंसं आलं. ते पाणी घातलेलं आदलं प्रकरण बाबांनी आणि मास्तरांनी भातावर ओतून खाल्लं, आणि मास्तर सभ्य माणूस, म्हणाले की छान आहे.

इथे थांबलं तर गोष्ट गोड होईल, पण तसं काही झालं नाही. पुढच्या रविवारी रस्साच झाला. पाहुणे येत राहिले, आणि ते यायला नकोत असं आईचंही म्हणणं नव्हतं. मास्तरांची बायको महिनाभर राहिली, आई तिला घेऊन दवाखान्यात जात असे आणि दोघी परतताना बर्फाचा गोळा खात, हे मला नंतर कळलं. बाबा काही दिवस कांदे चिरायला आत येत, मग ते येईनासे झाले. आईनं पुन्हा कधी काही मागितलं नाही. का मागितलं नाही, यावर मी खूप विचार केलाय. मला वाटतं, एक ताट मागण्यासाठी एवढं सगळं करावं लागतं हे तिनं एकदा पाहिलं, आणि तेवढी ताकद तिच्यात परत गोळा झाली नाही. मी मात्र नोकरीला लागल्यावर, जमेल तसं, तिच्यासाठी ते करत राहिले. आधी तिला बसवून, मग गॅस पेटवून. शेवटच्या दोन वर्षांत तिला चावता येत नव्हतं, तेव्हा मी गाजर आधी उकडून घेई. आंटींना ते चाललं नसतं.

ती या हिवाळ्यात गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही कॉलनीचं सभागृह घेतलं, तरी माणसं मावली नाहीत. मानेसरहून, दिल्लीहून, थेट यवतमाळहून आली. आमच्या सतरंजीवर झोपलेली पोरं आता पांढऱ्या केसांची झाली होती. वंदना झाल्यावर एकेकजण माईकपाशी येऊन बोलायला लागला. सगळे आईच्या रश्शाबद्दल बोलत होते. तसा रस्सा पुन्हा खाल्ला नाही, कुणी म्हणालं. माउलीनं कधी हात आखडता घेतला नाही, दुसरं म्हणालं. एक मोठे अधिकारी बोलता बोलता रडायला लागले. खोटं कुणीच बोलत नव्हतं. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि मला इतका थकवा आला होता की रडूही येत नव्हतं.

शेजारी बाबा बसले होते, यंत्र न लावता. त्यांनी माझ्या कानाशी वाकून मोठ्यानं विचारलं, “काय म्हणताहेत सगळे?”

“आईच्या रश्शाबद्दल बोलताहेत, बाबा.”

ते खुर्चीचा हात धरून उठले. दोघं धावले, त्यांनी बाबांना माईकपाशी नेलं. सगळ्यांना वाटलं, आता साहेब आभार मानतील.

“तिला रस्सा आवडत नव्हता,” बाबा म्हणाले. “तिला ते कोरडं आवडायचं. शीला करते ते. तिनं एकदा मागितलं होतं. मी त्यात पाणी घातलं.”